कठड्यापर्यंतचं अंतर

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलेली आहे.

आणि रात्रीची वगैरे तर मुळीच नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन वाजले होते. जेवणात सूप आणि दोन टोस्ट घेतले होते आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण मला ओळखणारे सगळे म्हणतात की ही बाई मोजल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाही. ऑफिसात माझं नाव फूटपट्टी पडलं आहे. तोंडावर म्हणतात. मला राग येत नाही, कारण माझं कामच ते आहे.

ऑफिस मामाचं. सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. तो फक्त ज्येष्ठ नागरिकांच्या सहली नेतो. त्याचा एक नियम आहे. आपल्यापैकी कोणीतरी आधी जाऊन, स्वतःच्या पायांनी चालून आल्याशिवाय तिथे ग्रुप न्यायचा नाही. हॉटेलवाले सांगतात, पॉइंट पाच मिनिटांवर आहे. ती पाच मिनिटं पंचविशीतल्या पोराची असतात. सत्तरीतल्या गुडघ्यांची नसतात.

ते चालून यायचं काम माझं.

माझ्याकडे त्यासाठी मोजायचं चाक आहे. लांब दांडा, खाली चाक, मध्ये आकडे दाखवणारी डबी. ढकलत चालायचं. एक मीटर झाला की ‘टक्’ असा आवाज होतो आणि आकडा पुढे सरकतो. परत आल्यावर मामाने छापून घेतलेला पाहणीचा फॉर्म भरायचा. पायऱ्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, बाथरूम कसं, चालायचं अंतर किती. सगळ्यात खाली एकच प्रश्न.

‘ग्रुप नेण्यासारखं आहे का? हो / नाही. नाही असल्यास कारण.’

कारणासाठी एकच ओळ. मामाला लांबण लावलेली आवडत नाही.

ते हिलस्टेशन खूप नावाजलेलं आहे. नेटवर बघा, पाचपैकी पाच चांदण्या. आमच्या ग्रुपचं कित्येक वर्षं तिकडे जायचं चाललं होतं. बत्तीस जणांची यादी तयार होती आणि यादीत पहिलं नाव माझ्या आईचं होतं.

आईने पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. बाबा आठ वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं तिने एकटीने केलं. ती कधी कुठे गेली नाही. लग्नानंतर दोघं तिथे जाणार होते, तेवढं मात्र राहून गेलं. त्या दरीचं एक जुनं कॅलेंडर तिने शिलाई मशीनच्या वर लावून ठेवलं होतं. पानं कधीच फाटून गेली, चित्र तेवढं राहिलं. आता तिचे गुडघे दुखतात. या वर्षी नाही गेली तर पुढे जाणं होणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्यामुळे निघताना मी ठरवूनच टाकलं होतं. फॉर्मवर ‘हो’ लिहायचं. पाहणी आपली नावापुरती.

आमचे ड्रायव्हरकाका आणि मी साडेदहाला पोचलो. हॉटेल चांगलं होतं. लांबलचक, एकमजली, पायऱ्या फक्त तीन. बाथरूम तर मी पाहिलेल्या सगळ्यांत स्वच्छ. मॅनेजर अगदी अदबीने वागत होता. म्हणाला, आमच्याकडे आलेला माणूस परत जायचं नाव काढत नाही.

सगळेच मॅनेजर असं बोलतात. मी हसले.

अकरा वाजता गेटाशी चाक शून्यावर आणलं आणि निघाले. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं. बरोबर दोनशे मीटरवर एका बाईची चहाची टपरी होती. चार विटांवर ठेवलेली. तिथून पुढे रस्ता दरीपाशी संपत होता. लोखंडी कठडा, त्याच्या अलीकडे एक बाक, पलीकडे सरळ कडा.

चारशे दहा मीटर.

ऊन छान पडलं होतं. दरी कॅलेंडरात आहे अगदी तशी होती. आई इथे बसलेली मला दिसायला लागली.

परत येताना टपरीवर चहा घेतला. टपरीवाली म्हणाली, या वर्षात तिसऱ्यांदा टपरी हलवली. पूर्वी पार तिकडे, कठड्यापाशी होती. मी विचारलं, का हलवली? तिने ग्लास पुसत पुसत सांगितलं, जागा पुरत नाही.

रस्ता तर मोकळा होता. पण मी कशाला खोलात शिरू?

मामाच्या नियमाने अंतर दोनदा मोजायचं असतं. जेवून दोन वाजता पुन्हा निघाले. थोडं धुकं उतरलं होतं. टपरीवाली भर दुपारी सामान आवरत होती. मी गेले, कठड्याला चाक टेकवलं आणि आकडा पाहिला...

तीनशे बावन्न.

मला वाटलं चाक घसरलं. कधी कधी होतं तसं, ओल्या रस्त्यावर. म्हणून मी वीस मीटरची दोरी कायम जवळ ठेवते. हॉटेलच्या व्हरांड्यात दोरी अंथरली, चाक चालवून पाहिलं.

वीस म्हणजे वीस. एक बोट इकडेतिकडे नाही.

आता दुसरी कोणी असती तर दोन्हीची सरासरी काढून मोकळी झाली असती. मला ते जमत नाही. दोन आकडे जुळले नाहीत की मी तिसऱ्यांदा मोजते. ड्रायव्हरकाका म्हणालेसुद्धा, कशाला परत, म्हाताऱ्यांना कमीच चालावं लागेल, उलट बरंच आहे. मी ऐकलं नाही.

सव्वातीनला तिसऱ्यांदा निघाले.

धुकं दाट झालं होतं. चार-पाच पावलांपलीकडचं काही दिसेना.

टक्. टक्. टक्.

पन्नास मीटरवर माझ्या लक्षात आलं, की हॉटेलचा आवाज येत नाहीये. मागे मशीनवर कपडे धुणं चाललं होतं, त्याची घरघर सकाळपासून होती. ती बंद. पाखरं नाहीत. झाडांवरून टपटप पडणारं पाणीही नाही.

फक्त माझं चाक.

दोनशे मीटरवर टपरी नव्हती. नुसत्या चार विटा पडल्या होत्या.

मी थांबले. ड्रायव्हरकाकांना फोन लावावा म्हणून पर्समध्ये हात घातला.

आणि...

टक्.

मी खाली पाहिलं. माझं चाक जागेवर उभं होतं. आकडा दोनशेच.

टक्.

समोरून. धुक्यातून.

टक्... टक्...

कोणीतरी मोजत होतं. माझ्यासारखंच चाक ढकलत, सावकाश, एकेक मीटर. पण आवाज समोरून माझ्याकडे येत होता. समोर रस्ता संपतो. समोर कठडा आहे आणि कठड्यापलीकडे पाय ठेवायलाही जागा नाही.

मी स्वतःला दटावलं. तिथून कोणी परत येत असेल. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा माणूस असेल. आमच्या धंद्यात असतात असे. मी मोठ्याने विचारलं, कोण आहे?

आवाज थांबला.

मी का पुढे गेले, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक आईमुळे. तिला इथे पाठवायचं तर इथे काय आहे ते मला कळायला हवं होतं. मी चाक ढकलत निघाले. दोनशे दहा. दोनशे तीस. दोनशे साठ...

दोनशे अडुसष्टवर चाक लोखंडावर आपटलं.

कठडा.

जिथे सकाळी नुसता रस्ता होता, झाडं होती, तिथे कठडा.

आणि कठड्याच्या पलीकडे...

माणसं बसली होती.

रांगेने. खांद्याला खांदा लावून. आमच्या ग्रुपमधली असतात तशी म्हातारी माणसं, कानटोप्या घातलेली, पाठ माझ्याकडे. रांगेची दोन्ही टोकं धुक्यात गेलेली. कोणी बोलत नव्हतं. कोणी खोकतसुद्धा नव्हतं. त्यांच्याखाली बसायला काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मी तशीच उभी राहिले. एक मिनिट झालं असेल, जास्त नाही.

मग माझ्या अगदी समोर बसलेली बाई... वळून न पाहता... जराशी बाजूला सरकली.

तिच्या शेजारचे आजोबाही सरकले. मग त्यांच्या पलीकडचा. अख्खी रांग थोडी थोडी सरकली. बसमध्ये कोणी चढलं की आपण सरकून घेतो ना, तशी.

मधे एका माणसापुरती जागा झाली.

मी पळाले. चाक तिथेच टाकून पळाले. गेट कधी आलं ते कळलं नाही. फार लवकर आलं, एवढंच आठवतं.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गाडीत बसून मी फॉर्म भरला. ‘नाही’वर खूण केली. पुढे कारण, एक ओळ.

काय लिहिणार होते मी? ‘भीती वाटली’? मामा देवाकडेही पुरावा मागणारा माणूस. ऑफिसात आयुष्यभर चेष्टा झाली असती. फूटपट्टीला भूत दिसलं म्हणून.

मी लिहिलं: ‘बाथरूमची फरशी निसरडी. धरायला दांडे नाहीत.’

धादांत खोटं. पण मामा यावर वाद घालणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सहल रद्द झाली. आईने नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि मशीनवर बसली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला चाललं. ती रुसलेली असली तरी घरात होती.

तीन आठवड्यांनी मामाने मला केबिनमध्ये बोलावलं. भलताच खूश होता. टेबलावर हॉटेलचे फोटो पसरलेले. सगळ्या बाथरूममध्ये चकचकीत दांडे, फरशीवर रबरी पट्ट्या. त्याने माझ्या फॉर्मची नक्कल हॉटेलला पाठवली होती. त्यांनी सगळं करून दिलं होतं. वर नवीन माहितीपत्रकही धाडलं होतं.

‘पॉइंट आता हॉटेलपासून फक्त दीडशे मीटरवर.’

मामा म्हणाला, तुझ्यामुळे म्हाताऱ्यांची सोय झाली. सहल नक्की केली आहे. पुढच्या सोमवारी.

खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. टपरी, चाकाचा आवाज, ती रांग. मामा हसला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, “तू बाथरूम लिहिलंस, मी बाथरूम करून घेतलं. आता म्हणतेस ते खोटं होतं, हे खरं आहे. मी कशावर विश्वास ठेवू, बाळा?”

माझ्याच हाताने मी माझी जीभ कापून ठेवली होती.

धुक्यात रस्ता चुकला असशील, म्हणाला. दुसऱ्या वाटेने गेली असशील. दमली होतीस. त्याने तीन दिवसांत एवढी कारणं दिली की मलाही त्यातलं एखादं खरं वाटायला लागलं.

एकतीस जणांना मी थांबवू शकत नव्हते. आईला थांबवू शकत होते.

रविवारी संध्याकाळी तिची बॅग भरून दारात ठेवली होती. मी तिला काही समजावलं नाही. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान असताना रडायचे तशी रडले. जाऊ नकोस, एवढंच म्हणत राहिले. तिने कारण विचारलं नाही. बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. मग उठली आणि बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात ठेवले, तिथल्या थंडीसाठी घेतलेला स्वेटरही.

ती गेली नाही. हे मी शपथेवर सांगते.

मी चार दिवस रजा टाकली. चारही दिवस तिच्या आसपास होते. एकत्र जेवलो, पत्ते खेळलो, कपाटं आवरली. फक्त एक गोष्ट वेगळी घडली. आई कधी दुपारची झोपत नाही. मंगळवारपासून रोज तीन वाजता तिची मान कलंडायची. पाच वाजेपर्यंत गाढ झोप. अंगावर पांघरूण घालताना हाताला हात लागला तर बर्फासारखा. मी म्हटलं, वय झालं.

शुक्रवारी ग्रुप परत आला. एकतीसच्या एकतीस जण. कोणाला साधं पडसंही झालं नव्हतं. मामाने फोन करून सांगितलं, बघ, सगळे ठणठणीत, सगळे खूश. मी हसले, रडले, स्वतःला वेड्यात काढलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ग्रुपमधल्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. निवृत्त आहेत, वय चौऱ्याहत्तर, बोलायला एकदम चोख. आईबरोबर एका खोलीत त्या राहणार होत्या. त्यांनी विचारलं, “आई पोचल्या का गं नीट?”

मी म्हटलं, आई आलीच नव्हती की.

“अगं, पहिल्या दिवशी नव्हत्या. मंगळवारपासून होत्या ना,” त्या म्हणाल्या. “रोज दुपारी आम्ही कठड्यापाशी जायचो तेव्हा त्या आधीच येऊन बसलेल्या असायच्या. लेकीने परवानगी दिली का, असं विचारलं तर नुसत्या हसल्या. छान गप्पा झाल्या. काल तिथून उठायची वेळ झाली तशी मी म्हटलं, चला. तर म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी बसते अजून जरा. रात्री खोलीवर नसायच्या, मला वाटलं दुसरीकडे उतरल्या असतील आणि तुझ्या गाडीने परत येतील...”

मी मामाला फोन लावून विचारलं. त्याने बसमध्ये रोज डोकी मोजली होती. एकतीस. प्रत्येक वेळी एकतीस. कठड्यापाशी मात्र मोजली नव्हती. तिथे कशाला मोजायची, कठडा हॉटेलच्या दारातच तर होता, म्हणाला.

फोन ठेवला. आई आत पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पाठ माझ्याकडे. कोणाचा फोन होता, तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. हसत सांगायचा प्रयत्न केला. म्हातारपणी काहीही दिसतं बाईंना, असं म्हटलं.

आईचे हात थांबले.

ती वळली नाही...

अगदी हळू आवाजात म्हणाली, “मग मला न्यायला कधी येतेस?”

मी हाक मारली, आई? तिने वळून पाहिलं. चेहरा नेहमीचाच. चहा टाकू का, म्हणाली. मी विचारलं, आत्ता काय म्हणालीस? ती म्हणाली, चहा टाकू का म्हणाले, कान कुठे आहेत तुझे?

याला चार महिने झाले.

आई बरी आहे. जेवते, माझ्यावर ओरडते, शेजारणीचे ब्लाऊज शिवते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. पण कधी कधी ती माझ्याकडे पाहुण्यासारखी बघते. मी कोणाची तरी मुलगी आहे आणि ती ओळख लक्षात ठेवायचा प्रयत्न करते आहे, असं. मग मला वाटतं, माझ्याच मनाचे खेळ आहेत. मग तीन वाजतात आणि तिचे हात गार पडतात.

ऑफिसात रोज दहा फोन येतात. ते ठिकाण कसं आहे हो, जाण्यासारखं आहे का? मी फोन मामाकडे देते.

मला स्वतःला ठरवता येत नाहीये. गेले तर तिथून मी काय घेऊन येणार? आणि माझ्यासाठी तिथे कोणाला सरकावं लागणार? पण नाही गेले तर... माझ्या आईने जन्मात कोणाला ताटकळत ठेवलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला जिथे जायचं होतं, तिथे मी तिला जाऊ दिलं नाही, आता तिथून परतही आणत नाही.

तुमच्यापैकी कोणी अलीकडे तिकडे जाऊन आलं असेल, किंवा मी एवढं सांगूनही जाणार असेल, तर एक विनंती आहे. कठड्याशी डाव्या हाताला एक ठेंगणी बाई बसलेली दिसेल, पांढऱ्या केसांचा अंबाडा. तिला हाक मारू नका. जवळ जाऊ नका.

फक्त तिच्या अंगात स्वेटर आहे का, तेवढं मला कळवा.